सिरेना हॉटेलची दोन पोती

"डोळे अजून बारीक हवेत! आणि मिशी? मिशी कुठंय?" ओतिलिया ओरडली.

"मुली, हा जुदास आहे. येशूला तीस नाण्यांना विकणारा जुदास! त्याला मिशी कशाला?" कास्तामावशीने विचारले.

"आमच्या जुदासला आहे. पातळ, तेल लावलेली, टोकाला वळवलेली!"

एफ्रेन खो खो हसत सुटला. कणकेच्या खळीने त्याचे हात कोपरापर्यंत माखले होते. "मावशी, हिला सांगा, सरळ उगार्तेसाहेबांचा फोटोच आणून चिकटव!"

ईस्टरच्या सुट्टीतला तो बुधवार होता. दरवर्षी या आठवड्यात आमच्या सान हेलासियो गावातली पोरं कास्तामावशीच्या अंगणात जमतात. घराघरातून, दुकानादुकानातून रद्दी येते. पोरं ती हाताने फाडतात, खळीत बुडवतात आणि मावशीच्या बांबूच्या सांगाड्यावर थरावर थर चढवतात. शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तो कागदी जुदास भर चौकात फटाक्यांनी धडाडधूम! गावाचा वर्षभराचा राग एका मिनिटात मोकळा.

पण यंदा ओतिलियाचा राग गावाच्या रागापेक्षा मोठा होता.

तिचे आजोबा फिलेमोन म्हणजे सिरेना हॉटेलचे दरवान. एक्केचाळीस वर्षं त्यांनी त्या दगडी जलपरीखालचं सागवानी दार उघडलं आणि मिटलं. निळा कोट, डोक्यावर पितळी बिल्ल्याची टोपी. म्हातारी मालकीण वारली आणि राजधानीतून तिचा भाचा उगार्ते येऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा! दोन महिन्यांपूर्वी, रविवारी संध्याकाळी, चौकात बँड वाजत असताना तो हॉटेलच्या पायरीवर आला आणि सगळ्या गावासमोर ओरडला, "हॉटेलची पहिली पाहुण्यांची वही चोरीला गेलीय! या म्हाताऱ्याने विकली! चोर आहे हा!" आणि त्याने आजोबांच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली.

बँड थांबला. गावाने मान खाली घातली. कुणी एक शब्द बोललं नाही, हे मला आज सांगतानाही लाज वाटते. त्या दिवसापासून आजोबा घराबाहेर पडले नव्हते.

"मी त्याच्याकडून माफी मागवीन," ओतिलियाने तेव्हाच शपथ घेतली होती. "त्याच पायरीवर. त्याच लोकांसमोर. आणि मोठ्ठ्याने!" तेरा वर्षांच्या पोरीची शपथ, कोण मनावर घेणार? तिचा दहा वर्षांचा भाऊ लालो आणि बेकरीवाल्याचा एफ्रेन, एवढेच दोघे.

"ए, हा कागद फाटतच नाही!" लालो कुरकुरला. "दाताने ओढला तरी फाटत नाही!"

"तुझे दात दुधाचे आहेत, म्हणून!" एफ्रेन म्हणाला.

"गप रे! बघ तर, किती जाड आहे. मघाचेपण असेच होते. सगळ्यांवर अंगठे उठवलेत."

ओतिलियाने तो कागद त्याच्या हातातून घेतला. पिवळट, कापडासारखा चिवट. वर ओळीने नावं आणि प्रत्येक नावापुढे अंगठ्याचा काळा ठसा. तिने दोन नावं वाचली, तीन वाचली आणि ती लालोकडे वळली.

"लालो! हे कुठल्या पोत्यातलं?"

"त्या पांढऱ्या. हॉटेलच्या."

"हॉटेलने रद्दी दिली?" कास्तामावशीने हातातलं काम ठेवलं. "तो कंजूष तर उष्टी हाडं कुत्र्यालासुद्धा मोजून देतो! अन् दोन पोती?"

पोती हॉटेलच्या चादरींच्या कापडाची होती. कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने जलपरी भरलेली. एकाच्या तोंडाशी चिठ्ठी टाचली होती: 'जुदाससाठी. एकही कागद उरता कामा नये. उगार्ते.'

मुलांनी पोती उपडी केली. वर्तमानपत्रं, जुनी भोजनपत्रकं, आणि त्यात मिसळलेली तीच जाड पानं. पुठ्ठ्यापासून उपटलेली, आडवीतिडवी कोंबलेली.

"ही पहिली वही आहे," ओतिलिया म्हणाली. "आजोबा सांगतात ना, हॉटेल अर्धं बांधून झालं आणि वादळाने छप्पर उडवलं. तेव्हाची मालकीण दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एउलालिया हिच्याजवळ विटेलासुद्धा पैसा उरला नाही. मग बंदरावरचे हमाल, कोळी, धोबिणी, गावातले दोनशे बारा जण तीन वर्षं दर रविवारी राबले. फुकट! छप्पर चढलं तेव्हा दोन्याने सांगितलं, माझे पहिले पाहुणे तुम्हीच. प्रत्येकजण एक एक रात्र तिथे झोपला आणि वहीत अंगठा उठवून आला."

"आणि पहिल्या पानावर तिने गावाला वचन लिहून दिलं!" लालो म्हणाला. त्याला ही गोष्ट तोंडपाठ होती.

"ते पान कुठंय?"

तिघांनी शोधलं. तेरा पानं सापडली, पहिलं काही सापडेना. लालोचा चेहरा हळूहळू उतरला.

"ताई... सकाळी मी डावा पाय केला ना... त्यात पाच-सहा जाड कागद..."

"पायात घातलंस?"

"मला काय माहीत! मावशी म्हणाल्या, पाय मजबूत कर!"

"जन्मात एकदा काम मन लावून केलंस," एफ्रेनने कपाळाला हात लावला, "ते नेमकं आज!"

पण कास्तामावशी गडबडली नाही. तिने पातेल्यात पाणी कोमट केलं आणि जुदासची तंगडी उचलून त्यात बुडवली. "कणकेची खळ आहे, सिमेंट नाही. घाई करेल त्याच्या पाठीत धपाटा!"

एक थर सुटला. दुसरा सुटला. चौथ्या थराखाली काळी अक्षरं दिसली. जुनी अस्सल शाई, जरासुद्धा फुटली नव्हती! ओतिलियाने वाचलं:

'या घराचे छप्पर सान हेलासियोच्या दोनशे बारा जणांनी चढवले. गावाच्या होकाराशिवाय ते कोणीही उतरवू नये. अंगणातली विहीर आणि सावली कायमची गावाची.' खाली दोन्या एउलालियाची सही, वकिलाची लाल लाखेची मोहर. आणि सर्वांत पहिला अंगठा क्रिसान्तोचा. फिलेमोनआजोबांच्या वडिलांचा!

"आता कळलं!" एफ्रेन उडाला. "बाबा म्हणत होते ना, त्याला हॉटेल पाडून दहा मजली इमारत बांधायचीय! वही असेपर्यंत जमणार नाही!"

"आणि आजच तपासणीच्या बाई आल्यात," मावशी म्हणाली. "राजधानीतल्या जुन्या वास्तूंच्या कचेरीतून. शनिवारी यायच्या होत्या, बुधवारीच येऊन थडकल्या. सगळी कपाटं उघडून दाखवा म्हणाल्या. घाबरला असेल."

"पण मग शेगडीत का नाही जाळली?" लालोने विचारलं.

"सिरेनाची शेगडी कोण पेटवतं? आजोबांच्या हाताखालची माणसं! ती बघतीलच ना! शिवाय उद्या-परवा गावात कुणी चूल पेटवत नाही. गुड फ्रायडेला हॉटेलातून धूर निघाला तर अख्खं गाव बादल्या घेऊन धावेल." ओतिलिया दात-ओठ खात होती. "म्हणून त्याने ठरवलं, गावाचा इतिहास गावाच्याच हाताने जाळायचा! आपण टाळ्या वाजवायच्या आणि आपलीच राख व्हायची!"

कास्तामावशीला हसू फुटलं. "शहरी गाढव! त्याला वाटतं जुदास जळतो. अरे, आमचा जुदास जळत नाही, फुटतो! कागद उडतात चौकभर!"

"चला, बाईंना नेऊन देऊ!" लालोने पानं उचलली.

"डोक्यावर पडलायस का?" ओतिलियाने त्याचा हात धरला. "वही कुणाकडे सापडली? चोराच्या नातवंडांकडे! तो म्हणेल, बघा, मी सांगत होतो ना! चिठ्ठी दाखवली तर म्हणेल, मी साधी रद्दी दिली, यांनी पानं घुसवली. नाही. ही पोती त्याचीच, त्याने स्वतःच भरली, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. आणि तेही चौकात."

"तो कशाला सांगेल?"

ओतिलिया मावशीकडे वळली. "मावशी, जुदासची वात कोण पेटवतं?"

"ज्याने सगळ्यात जास्त रद्दी दिली तो. पायरीवर उभं राहून सांगायचं, किती दिली, कुठून दिली, मग वात..." मावशी थांबली. तिने ओतिलियाकडे नीट पाहिलं. मग मुकाट्याने काळा रंग काढला आणि जुदासच्या ओठांवर एक पातळ, टोकाला वळवलेली मिशी काढायला घेतली.

गुरुवारी सकाळी ओतिलिया आणि एफ्रेन चर्चच्या मागच्या खोलीत शिरले. एफ्रेनचा मामा तिथे घंटा वाजवायचा, त्यामुळे किल्ली मिळाली. तिथे ईस्टरची स्तोत्रं छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. ओतिलियाने पहिल्या पानाचा मजकूर आणि दोनशे बाराही नावं टोकदार लेखणीने कोरली. तीन मेणकागद लागले, बोटं सुजली. एफ्रेन दांडा फिरवू लागला. खडाक् खडाक्! एवढ्यात दार उघडलं. फादर!

"हे कसलं स्तोत्र छापताय?"

एफ्रेनची बोबडी वळली. "न्या... न्यायाचं, फादर!"

फादरने एक प्रत उचलली. नावं वाचता वाचता त्यांचं बोट एका नावावर थांबलं. त्यांची आजी धोबीण होती. त्यांनी चष्मा पुसला.

"शाई कमी पडली तर वरच्या कप्प्यात आहे," एवढंच म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

मग शुक्रवारी एफ्रेनची खरी कामगिरी! बुधवारीच भाजून ठेवलेल्या पावाची टोपली घेऊन तो हॉटेलात गेला. उगार्ते पांढरी हॅट घालून आरशासमोर मिशीला पीळ देत होता.

"साहेब, उद्या चौकात येणार ना? वात माझे बाबा पेटवणार! बेकरीने सगळ्यांपेक्षा जास्त रद्दी दिली. त्या तपासणीच्या बाई म्हणत होत्या, गावाच्या रूढी जपणारा माणूस कोण ते बघायचंय."

"बेकरी?" उगार्तेची मिशी थरथरली. "किती दिली?"

"पोतंभर!"

"हॅ! माझी दोन पोती आहेत, दोन!"

"पण साहेब, ती नोकरांनी भरली असतील. ती धरत नाहीत. स्वतःच्या हाताने भरावी लागतात."

"मी स्वतः भरली, पोरा! स्वतः!"

"मग तसं पायरीवर सांगा म्हणजे झालं!" एफ्रेन भाबड्या तोंडाने म्हणाला. बाहेर येऊन तो विहिरीमागे जाऊन पोट धरून हसला.

शनिवार उजाडला. येशूच्या सुतकात गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा बाराला वाजणार होत्या. हॉटेलच्या सज्ज्यापासून चर्चच्या मनोऱ्यापर्यंत दोर ताणला होता. त्यावर जुदास लोंबकळत होता, दीड पुरुष उंच, डोक्याला गोणपाट गुंडाळलेलं. फटाके मावशीने स्वतः खांद्यांना, मानेला, कमरेला बांधले होते. पोटात काय होतं ते पाच जणांना ठाऊक होतं.

एकच गोष्ट जमली नव्हती. "मी त्या चौकात पाय ठेवणार नाही," आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते. ओतिलियाने त्यांना काही सांगितलं नव्हतं. आता मात्र तिने पहिलं पान लालोच्या हातात दिलं. "पळ! बोलू नकोस, नुसतं दाखव!" लालो धूम पळाला.

चौक फुलून गेला. तपासणीच्या बाई वही-पेन घेऊन पुढे बसल्या. कास्तामावशी पायरीवर चढली.

"यंदा सगळ्यात जास्त कागद कुणी दिला?"

"मी!" उगार्ते हॅट सावरत पुढे आला. "दोन पोती! गावाच्या रूढींसाठी!"

"कुठून दिलीत, साहेब? नीट सांगा. गावाला कळू दे."

"माझ्या कचेरीतून! माझ्या कुलपातल्या कपाटातून! या हातांनी काढली, या हातांनी भरली. नोकरांना बोटसुद्धा लावू दिलं नाही!"

"त्या पोत्यांत दुसऱ्या कुणाचा एक तरी कागद?"

"एकही नाही! पानन् पान माझं!"

"बाई, लिहून घेतलंत?" मावशीने विचारलं.

बाईंनी जरा नवलाने मान डोलावली. "लिहिलं."

"मग ओढा रे गोणपाट!"

एफ्रेनने दोरी ओढली. आणि चौकात जो हशा उसळला! वर लटकत होता तो जुदास नव्हताच. बारीक डोळे, पांढरी हॅट, पातळ मिशी. हुबेहूब उगार्ते!

"पेटवा साहेब!" "अहो, जरा मिशी सांभाळून!" "आरसा बघताय का?" लोक हसून हसून बेजार झाले. उगार्ते लाल झाला, पांढरा झाला, पण सगळं गाव बघत होतं, बाई बघत होत्या. त्याने चडफडत मशाल घेतली आणि स्वतःच्याच पुतळ्याची वात पेटवली.

घंटा घणघणल्या. धाड! खांदे गेले. धाड! हॅट मनोऱ्यावर उडाली. धडाडधूम! पोट फुटलं आणि चौकावर कागदांचा पाऊस पडला. शेकडो कागद! पोरांनी झेप घेतली, म्हाताऱ्यांनी हात पसरले.

"अगं बाई! हे माझ्या वडिलांचं नाव!" मासेवाली एर्मिनिया किंचाळली.

"माझा आजा! आजा आहे यात!"

"छप्पर गावाच्या होकाराशिवाय... अरे, हे तर दोन्याचं वचन! म्हणजे खरं होतं ते!"

उगार्तेने पायाशी पडलेला कागद उचलला. वाचला. एवढ्यात गर्दीतून ओतिलिया पुढे आली. बेकरीच्या मोठ्या परातीत तिने वहीची बाकीची सगळी पानं मांडली होती, बाजूला जलपरीची दोन पोती आणि ती चिठ्ठी.

"साहेब, ही तुमची रद्दी. पानन् पान तुमचं."

"चोर!" उगार्ते किंचाळला. "बघा, बघा! त्या चोराच्या नातीकडे वही सापडली! मी सांगत होतो!"

चोराच्या उलट्या बोंबा! पण तपासणीच्या बाई सावकाश उठल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, एक पान उजेडात धरलं आणि आपली वही उघडली.

"'माझ्या कुलपातल्या कपाटातून. या हातांनी. दुसऱ्या कुणाचा एकही कागद नाही.' हे आपणच आत्ता म्हणालात, सेन्योर उगार्ते. एवढ्या लोकांसमोर. मग चोर कोण?"

उगार्तेने हातातला कागद चुरगाळला.

"पहिलं पान कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"इथे आहे."

लोक बाजूला झाले. फिलेमोनआजोबा उभे होते. इस्त्री केलेला निळा कोट, डोकं उघडं. हातात वडिलांच्या अंगठ्याचं पान. शेजारी लालो धापा टाकत होता. "ताई, मी बोललोच नाही!" तो कुजबुजला. "त्यांनी त्या ठशाशेजारी आपला अंगठा धरला. खूप वेळ. मग म्हणाले, कोट दे."

ओतिलियाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज मऊ झाला नाही. "साहेब, माफी मागा. त्याच पायरीवर."

"हे... हा काय पोरखेळ..."

"मागा!" चौक गरजला. त्या रविवारी मुका राहिलेला चौक!

उगार्ते काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही!" एफ्रेन ओरडला.

"माफ करा."

"मागे ऐकू येत नाही!" मासेवाली एर्मिनिया गरजली. "चोर म्हणताना केवढा घसा होता!"

"माफ करा! हे चोर नाहीत! वही मी लपवली होती!"

"आणि टोपी?" ओतिलियाने हात पुढे केला.

टोपी त्याच्या कचेरीतून आणली गेली. स्वयंपाकघरातल्या बायकांनी बिल्ला पदराने घासून चकचकीत केला. आजोबांनी ती डोक्यावर ठेवली, सरळ केली आणि पायऱ्या चढून सागवानी दारापाशी गेले. त्यांनी ते दार सताड उघडलं.

"सेन्योर उगार्ते, एक्केचाळीस वर्षं मी या दारातून माणसांना आत घेतलं," ते म्हणाले. "बाहेर कुणाला काढलं नाही. आज पहिल्यांदा काढतोय. आपल्या बॅगा घेऊन या."

उगार्ते आत गेला, दोन बॅगा घेऊन बाहेर आला आणि खाली मान घालून बसथांब्याकडे चालू लागला. आजोबांनी त्याच्यामागे दार मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि गावाला म्हणाले, "या. विहीर आणि सावली तुमची आहे."

त्या संध्याकाळी सिरेनाच्या अंगणात सगळं गाव जमलं. केळीच्या पानात बांधलेले मक्याच्या पिठाचे वाफाळते तामाल आले, बँड आला. तपासणीच्या बाईंनी मुलांना जवळ बोलावलं. "मी वीस वर्षं जुनी कागदपत्रं शोधतेय. पण पाय भिजवून कुणी शोधलेली पाहिली नाहीत! ही इमारत आता पाडता येणार नाही. माझ्या अहवालात तुम्हा तिघांची नावं असतील."

"माझं पहिलं!" लालो म्हणाला. "पाय मीच केला होता!"

"पाय मात्र झकास होता हो," कास्तामावशी म्हणाली. मावशीने उभ्या जन्मात कुणाच्या चिकटकामाची स्तुती केली नव्हती. लालो दोन इंच उंच झाला.

ओतिलिया हळूच आजोबांजवळ सरकली.

"आजोबा, फादर म्हणतात, सूड वाईट असतो. तुम्ही रागावलात?"

आजोबांनी आजूबाजूला पाहिलं. फादर दुसरा तामाल सोडण्यात गुंग होते. आजोबा नातीच्या कानाशी वाकले.

"रागावलो? पोरी, दोन महिने मी रोज स्वप्नात त्याला असाच चौकात टांगत होतो! पण खरं सांगू? स्वप्नात तो इतका छान फुटत नव्हता."